आज्जांची काळी पेटी उघडण्याआधी

बेळगाव,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज्जांच्या वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायचं तू मनावर घेतलंस, आज्जीला फार बरं वाटलं. फाल्गुनापर्यंत हातात सहा-सात महिने आहेत. पेटी तुझ्या ताब्यात देण्याआधी तिच्यात काय काय आहे, ते कसं वाचायचं आणि कुठे चूक होते ते लिहून पाठवतो आहे. फोनवर हे सांगून होण्यासारखं नाही.

आधी एक हिशेब डोक्यात ठेव. आज्जा ८५ वर्षं जगले. त्यातली पहिली १८ गावात गेली, पुढची २१ पलटणीत, आणि १९७९ ला पेन्शनीवर आल्यानंतरची ४६ वर्षं घरात. गावातले लोक, भाऊबंद, फलक रंगवणारा, सगळे त्या २१ वर्षांबद्दलच लिहा म्हणतील. त्या वर्षांची कागदं आहेत, पदकं आहेत, म्हणून ती लिहायला सोपी. ४६ वर्षांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून सुटताना मिळतं ते पुस्तक, कोणी देत नाही. पण त्यांना त्यांच्या वाटणीची पानं मिळालीच पाहिजेत, आणि दोन्हीकडे एकही ओळ फुगवलेली असता कामा नये. आज्जांना कोणी ‘सुभेदारसाहेब’ म्हटलं की ते तिथल्या तिथे ‘हवालदार’ म्हणून दुरुस्त करायचे. पुस्तिकेतही तेच राहू दे.

पेटी आत्ता उघडायची नाही. खानापूरकडचा पाऊस तुला माहीत आहे. श्रावणात कागद हातात घेतला तरी दमट लागतो, आणि दमट कागद एकमेकांपासून सोडवताना वरची शाई खालच्या पानाला लागून येते. दिवाळीला येशील तेव्हा हवा कोरडी असेल, तेव्हा उघडू. जमिनीवर जुनी सुती चादर अंथरायची. वरचा थर काढण्याआधी त्याचा फोटो घ्यायचा, मग काढायचा, मग खालचा थर. आज्जांनी वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या त्यालाही अर्थ आहे; कुठलं पत्र कुठल्या फोटोबरोबर होतं हे एकदा विस्कटलं की परत जुळत नाही. पेटी भिंतीपासून चार बोटं लांब, दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवली आहे, कारण तळाला गंज येतो तो जमिनीच्या ओलीने. आत डांबराच्या गोळ्या आहेत त्या कापडात बांधलेल्याच राहू देत. लोकरीच्या जर्सीला थेट लागल्या तर डाग पडतो.

सगळ्यात वर डिस्चार्ज बुक आहे. ते लॅमिनेट करायचा विचारही करू नकोस. आपल्याकडे पुष्कळ घरांनी हे केलंय आणि पस्तावलेत: उष्णतेने जुनी शाई उडते, आतली पानं चिकटतात, शिक्का मूळ आहे की छापील हे कळत नाही आणि कचेरीत असा कागद घेताना खळखळ करतात. साधं झेरॉक्ससुद्धा एकदाच, पान न दाबता. त्यापेक्षा स्कॅन कर: कागद असेल तर ३०० डीपीआय पुरे, लहान फोटो असेल तर ६००.

हे पुस्तक वाचताना पाच नोंदी शोध: भरतीची तारीख, सेवेतून सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण, शेवटची रँक आणि चारित्र्याचा शेरा. सुटण्याच्या कारणात भरतीच्या अटी पूर्ण झाल्या अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे; ते कोणीतरी ‘सेवेतून कमी केले’ असं भाषांतर करून ठेवेल. तसं नाही. मुदत पूर्ण करून, पेन्शनसह आले. आणि रँकच्या ओळीत मानद नायब सुभेदार वगैरे काही आहे का तेही नीट बघ. काही हवालदारांना निवृत्तीनंतर ती मानद रँक मिळते. आज्जांच्या पुस्तकात ती नाही, म्हणून आपणही लावायची नाही.

पत्त्याच्या रकान्यात तू गोंधळशील. आज्जा जन्मले १९४० ला, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात. शाळेच्या दाखल्यावर मुंबई राज्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून १९५८ च्या भरतीच्या कागदावर म्हैसूर. १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, म्हणून १९७९ च्या कागदावर कर्नाटक. आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी. एकाच घराचे, एकाच उंबऱ्याचे हे चार पत्ते आहेत. ते ‘दुरुस्त’ करून एकसारखे करू नकोस. जसे आहेत तसे दे, खाली एका ओळीत कारण लिही. सीमाभागातल्या माणसाचं आयुष्य कसं गेलं ते त्या चार पत्त्यांतच कळतं.

आज्जीची गोष्ट याच्या उलट. तिचं माहेर चंदगड तालुक्यात. तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तिथून तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला. ती जन्मली १९४६ ला, म्हणून तिच्या जन्माच्या नोंदीवर जिल्हा बेळगाव आणि आत्ताच्या कागदावर माहेर जिल्हा कोल्हापूर. दोन्ही बरोबर आहेत.

हे सगळं पुस्तिकेपुरतं नाही, तिच्या फॅमिली पेन्शनलाही लागतं, म्हणून थोडक्यात सांगून ठेवतो. पेन्शन तिच्या नावावर सुरू झालं आहे. पण तिला ८० पूर्ण झाली की मूळ फॅमिली पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० ला दुप्पट. ही वाढ तिच्या वयावर आहे, आज्जांच्या नव्हे. ती सुरू होते नोंदीतल्या जन्मतारखेवरून, आणि जुन्या पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) बायकोची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नसते किंवा आधारपेक्षा वेगळी असते. मग वय होऊनही वाढ येत नाही, आणि घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर तिची तारीख आणि आधारवरची तारीख ताडून बघ. नावाचं स्पेलिंगही. आपल्याकडे मृत्यूचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो, पलटणीतल्या क्लार्कने १९६४ ला कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि शाळेतलं मराठीत. एका ‘एच’चा किंवा ‘ए’च्या जागी ‘ई’चा फरक असला तरी अर्ज परत येतो. तसं झालं तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. ८० च्या पुढच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो.

आज्जांची जन्मतारीख कागदावर १ जून आहे. त्या पिढीतल्या निम्म्या माणसांची १ जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहिली. घरात सगळे सांगतात की त्यांचा जन्म गौरी-गणपतीतला. पुस्तिकेत दोन्ही लिही, कुठली कागदावरची आणि कुठली घरातली हे सांगून. कागदपत्रांत मात्र १ जूनला हात लावायचा नाही. कुटुंबाच्या नोंदीत तुझ्या आत्याचं नाव ‘बेबी’ आहे हेही दिसेल. बाळाच्या जन्माची बातमी घरून पत्राने गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि पत्रातलं नाव तसंच पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या घरच्या बदलांची नोंद होते त्या कागदाला, लागलं.

आता पदकं. सहा आहेत. बारमधला क्रम बदलू नकोस: घालणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडे सगळ्यात ज्येष्ठ पदक, म्हणजे समोरून बघणाऱ्याला ते डावीकडून पहिलं. आज्जांच्या बारमध्ये तो क्रम असा आहे: पूर्वी स्टार, रक्षा मेडल १९६५, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं मेडल, ९ वर्षं दीर्घ सेवा मेडल. यातलं एकही शौर्यपदक नाही, आणि तसं स्पष्ट लिहायला काही कमीपणा नाही. पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ला बांगलादेशच्या रणक्षेत्रात प्रत्यक्ष होते. रक्षा आणि संग्राम ही अनुक्रमे १९६५ आणि १९७१ च्या लढाईच्या काळात ठरलेल्या अटींप्रमाणे सेवेत असलेल्यांना मिळालेली. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची बारीक पट्टी असते, तिच्यावर प्रदेशाचं नाव असतं. ती भिंगाने वाच, कारण आज्जा कुठल्या डोंगरात होते हे तिथेच कळेल. गोल पदकांच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं आहे. तेही वाच. तिथे रँक शिपाई किंवा नायक दिसेल आणि बाकी कागदांवर हवालदार. पदक कोरलं तेव्हाची रँक ती, चूक नव्हे.

पदकं ब्रासोने घासायची नाहीत. गावात माजी सैनिकांच्या घरी जाऊन बघ: घासून घासून कडेवरची अक्षरं गेलेली, स्टारच्या मधली नक्षी सपाट झालेली. मऊ कोरड्या सुती कापडाने पुसायचं, बस. फिती धुवायच्या नाहीत, रंग एकमेकांत उतरतात. नवी फीत लावायची झाली तर ३२ मिलिमीटर रुंदीची मिळते, पण जुनी फीत पाकिटात घालून ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस. सुती कापड, लाकडी डबी आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या. कार्यक्रमाला नातवंडांपैकी कोणाला ती लावायची असतील तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने कमावली त्याची.

फोटो सुमारे चाळीस आहेत आणि मागे तारीख असलेले फार तर सहा. बाकीच्यांचं साल काढायला तीन खुणा वापर. दंडावरच्या फिती मोज: एक म्हणजे लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. प्रत्येक बढतीची तारीख डिस्चार्ज बुकात किंवा पलटणीच्या रेकॉर्ड्स कचेरीकडे आहे, म्हणजे फोटो कुठल्या दोन तारखांच्या मधला हे ठरतं. मग छातीवरच्या रिबन मोज: २५ व्या वर्धापनाची रिबन दिसली तर फोटो १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. तिसरी खूण हत्यार: लाकडी लांब थ्री-नॉट-थ्री, दहा गोळ्यांचं छोटं मॅगझिन, म्हणजे बहुतेक साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा, वीस गोळ्यांचं मोठं मॅगझिन असलेली एसएलआर म्हणजे त्यानंतरचा. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहू नकोस, पुढे उमटतं. २बी पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला. आणि तो मोठा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे, तो ओढून काढायचा नाही. काचेसकट स्कॅन कर.

पत्रांवर गाव नसतं. ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढंच. एपीओ म्हणजे लष्करी टपाल कचेरी. ९९ म्हणजे पूर्वेकडची टपाल, आसामपासून तिकडची. ५६ म्हणजे बाकीची. शिक्क्यावरची तारीख हाच खरा आधार. डिसेंबर १९७१ च्या शेवटच्या आठवड्यातलं एक आंतर्देशीय आहे. त्यात लढाईचं अवाक्षर नाही. भाताची मळणी झाली का, म्हैस किती दूध देते, तुझ्या काकाला शाळेत घातलं का, एवढंच विचारलंय. ते पूर्ण छाप.

पलटणीबद्दल लिहिताना दोन ठिकाणी गाव तुला चुकीचं सांगेल.

पहिलं गोवा. बेळगाव गोव्याला लागून, १९६१ ला फौज इथूनच खाली उतरली, त्यामुळे ‘तुझे आज्जा गोव्याला लढले’ असं प्रत्येक जण म्हणेल. आज्जा १ मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, जंगी पलटण, १७६८ ला उभी राहिलेली. ती पलटण गोव्यात नव्हती, दमणला होती. १८ डिसेंबर १९६१ ला पहाटे गुजरातच्या किनाऱ्यावर दमणवर चढाई झाली आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांनी शरणागती दिली. कारवाई एकच, ‘विजय’; जागा शेकडो किलोमीटर लांब. हे एका वाक्यात नीट लिही, नाहीतर पुढच्या पिढीत ते गोव्याचेच होऊन बसतील.

दुसरं जमालपूर. १९७१ ला पलटण ज्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती ती उत्तरेकडून आत्ताच्या बांगलादेशात उतरली. कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला शरण आली, पुढे बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या मागच्या बाजूला गेली आणि टांगाईल-डाक्क्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली. कमान अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ९ तारखेला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदना शरण येण्याचं पत्र पाठवलं; उत्तरात पत्राबरोबर एक गोळी गुंडाळून आली. १० च्या रात्री शत्रू घेरा फोडून निघायला बघत होता, तो रस्त्यावर बसलेल्या या पलटणीवर येऊन आदळला. ११ ला जमालपूर पडलं. पलटणीला ‘जमालपूर’ हा रणसन्मान आहे.

एवढं खात्रीचं आहे. पण बटालियन लढली म्हणजे प्रत्येक माणूस त्या रात्री त्याच खंदकात होता असं होत नाही. कोणी कोर्सवर असतो, कोणी दवाखान्यात, कोणी नदीअलीकडे सामानाजवळ. पूर्वी स्टार फक्त रणक्षेत्रात होते एवढं सिद्ध करतो. आज्जा स्वतः त्या रात्रीबद्दल थंडीपलीकडे बोलले नाहीत. म्हणून ‘आज्जांनी शत्रूला रोखलं’ असं लिहायचं नाही. ‘आज्जांच्या पलटणीने रोखलं’ असं लिही, आणि त्यांची कंपनी कुठली होती ते शोध. त्यासाठी दोन वाटा. एक, बेळगावच्या मराठा रेकॉर्ड्सला अर्ज. अर्ज आज्जीच्या नावाने जाऊ दे, कारण तिथे नातलग म्हणून तिचीच नोंद आहे. नंबर, रँक, नाव, युनिट, भरतीची आणि सेवेतून सुटल्याची तारीख, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, नेमकं काय हवं ते दोन ओळीत, रजिस्टर टपालाने, पावती जपून. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज केलास तर उत्तर यायला फार वेळ लागतो.

दुसरी वाट पलटणीतले सोबती. आपल्या पंचक्रोशीत अजून तिघे आहेत, सगळे ८० च्या वरचे. त्यांच्याकडे सकाळी नऊच्या सुमाराला जा, औषधं आणि न्याहारी झाल्यावर, दुपारनंतर दमतात. पाऊण तासापेक्षा जास्त बसायचं नाही, पुन्हा जायचं. ‘किती मारले?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याने माणूस एकतर गप्प होतो किंवा ऐकलेलं सांगायला लागतो. लंगरात काय मिळायचं, बूट कुठले होते, ओझं किती, झोप कुठे घेतली, हे विचार. तिथून ते आपोआप पुढे जातात. ग्रुप फोटो हातात दे आणि नावं सांगायला लाव. फोन टेबलावर ठेवू नकोस, टेबल हललं की आवाज जातो. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव, पंखा बंद कर. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेव, त्यांच्यासमोर खरं-खोटं करू नकोस.

आता घरातली ४६ वर्षं. इथे तुला कागद कमी आणि सवयी जास्त मिळतील. सवयी लिहिताना ‘शिस्तप्रिय होते’ असं लिहू नकोस, त्याने काहीच दिसत नाही. ते काय करायचे ते लिही.

ते शेत पावलांनी मोजायचे. परेडचं पाऊल ३० इंचांचं. २१ वर्षांत ते पायात इतकं बसलं होतं की ४० पावलं टाकली की १०० फूट भरायचे. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १३ पावलं आणि वर सहा इंच. बांधाच्या भांडणात लोक त्यांना बोलवायचे, आणि टेपने मोजलं तर फरक वितीच्या आत असायचा. भाताच्या वाफ्याची सपाटी ते पाण्याच्या नळीने बघायचे: पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत पाणी, दोन टोकं दोन काठ्यांना, दोन्हीकडचं पाणी एका खुणेवर येईपर्यंत माती ओढायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप फसतं, म्हणून आधी नळी बोटांनी टिचक्या मारून मोकळी करायची. वाफ्यात पाणी सगळीकडे दोन इंच उभं राहिलं की तण दबतं; एका कोपऱ्यात चार आणि दुसरीकडे कोरडं असेल तर रोपही जातं आणि तणही माजतं. खालच्या दोन वाफ्यांचे बांध आजही त्यांनी घातलेल्या रेषेत आहेत. त्याचा फोटो घे, पण लावणीनंतर लगेच, पाणी उभं असताना. या वर्षीचा काढून ठेवला आहे.

बँकेत ते गार्ड होते तेव्हा रात्रपाळी करून सकाळी आठच्या बसने येत. आल्यावर झोपायच्या आधी मुलांचे शाळेचे बूट. नाड्या काढायच्या, कोरड्या ब्रशने धूळ, जुन्या बनियनच्या चिंधीने पॉलिशचा पातळ हात, वर पाण्याचे दोन थेंब, गोल गोल फिरवत. दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग ब्रश. लोक पॉलिश जाड लावतात, त्याने चमक येत नाही, धूळ चिकटते. घरातल्या तिन्ही मुलांचे, शेजारच्या दोन पोरांचेही. ते ब्रश पेटीच्या कोपऱ्यात आहेत, त्यांच्या पाठीवर नंबर कोरलेला आहे.

खिशातल्या डायऱ्या एकोणतीस आहेत. त्यात मनातलं काही सापडणार नाही. खताच्या पोत्याचे भाव, फी, बैलाचं औषध, पाऊस कधी सुरू झाला, कोणाला किती उसने दिले. उसने दिलेल्या पुष्कळ नोंदींवर नंतर एक आडवी रेघ आहे आणि पुढे पैसे आल्याची नोंद नाही. ती नावं छापायची नाहीत. त्या माणसांची घरं गावात आहेत.

छापायचं नाही असं आणखी: आज्जांचा नंबर, पीपीओ, आधार, बँकेचं खातं, आज्जीची पूर्ण जन्मतारीख. पुस्तिका व्हॉट्सॲपवर फिरणार, आणि पेन्शनरांना ‘हयातीचा दाखला अडला आहे’ म्हणून फसवणारे फोन याच माहितीवर येतात. डिस्चार्ज बुकाचं पान छापलंस तर त्या ओळी झाक. ‘शहीद’ हा शब्द नको. आज्जा घरात, अंथरुणावर, सगळी माणसं जवळ असताना गेले. ‘माजी सैनिक’ म्हण. मुखपृष्ठावर तिरंगा पसरून त्यावर नाव टाकायचा सल्ला छापखानेवाला देईल, तो ऐकू नकोस. झेंड्यावर अक्षरं छापायला कायद्याने मनाई आहे.

पानं चारच्या पटीत धर, २४ किंवा २८, म्हणजे मधे पिन मारता येते आणि शेवटी कोरं पान उरत नाही. तू युनिकोडमध्ये टाईप करशील, इथले छापखाने अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत घेतात. बदलताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. पडद्यावर नको, कागदावर प्रूफ मागव आणि आकडे बोट ठेवून तपास. अक्षर १३ पॉइंटपेक्षा लहान नको, वाचणारे म्हातारे आहेत. शेवटचं एक पान कन्नडमध्ये कर. खालच्या गल्लीतली माणसं आज्जांना खांदा द्यायला होती, त्यांनाही वाचता आलं पाहिजे.

पहिल्या पानाचं तेवढं राहिलं. सगळे वर्दीतला फोटो म्हणतात. पेटीत अगदी तळाला, सुतळीने बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा आहे. आज्जा दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे, कधी २५ रुपये, कधी ३०. मनीऑर्डरचं कुपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं आणि पोचपावती सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची. आज्जीने कुपनं ठेवली, त्यांनी पावत्या ठेवल्या, आणि १९७९ नंतर दोन्ही एका सुतळीत आल्या. पावत्या तारखेप्रमाणे लाव. लग्न १९६४ चं. तिथपासून १९६७ च्या पावसाळ्यापर्यंत प्रत्येक पावतीवर अंगठा आहे. कुपनांच्या मागे, पैशाच्या मजकुराच्या जागी, त्यांनी दर महिन्याला एकेक अक्षर मोठं काढून पाठवलेलं आहे, आणि खाली ते गिरवायला टिंबं. ऑगस्ट १९६७ च्या पावतीवर पहिल्यांदा सही आहे, वाकडी, रकान्याच्या बाहेर गेलेली.

ती पावती ६०० वर स्कॅन कर. शाई निळी आहे आणि फिकी झालीय, काळ्या-पांढऱ्यात ती जाईल, म्हणून त्या एका पानाला रंगीत छपाई घे. जास्तीचा खर्च मी देतो. आज्जीला आधी विचार, मात्र मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझा,
बाबा